सूनबाई बेपत्ता

१

सूनबाई नाहीशी झाल्याची बातमी वृद्धाश्रमात पहिल्यांदा हेडमास्तरांनी दिली, आणि तीसुद्धा चहाचा कप खाली न ठेवता.

"आज मला कोणी विचारलं नाही," ते म्हणाले.

"काय विचारलं नाही?" सिस्टर म्हणाली.

"रक्तदाबाची गोळी घेतलीत का म्हणून. रोज डोळे उघडले की उशाशी हजर असते. आज पत्ता नाही. सकाळ कशी छान गेली."

सिस्टरने हातातला ट्रे खाली ठेवला. ती तशीच हॉलमध्ये धावली. भिंतीजवळची सूनबाईची जागा रिकामी होती.

सूनबाई म्हणजे यंत्र. एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून आश्रमाला दिलेलं बोलकं यंत्र. खाली चाकं, मधे पांढरं गुळगुळीत धड, वर गोल डोकं. उंची खुर्चीत बसलेल्या माणसाएवढी, म्हणजे म्हाताऱ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलता यावं. कंपनीने तिचं नाव 'सोबत' ठेवलं होतं. पण ती न थकता, न चिडता, एकाच गोड आवाजात सगळ्यांच्या औषधांची आणि पोटाची चौकशी करायची. अशी सून आश्रमातल्या कोणाच्याच नशिबी आली नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून तिला सूनबाई करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मोठे साहेब कॅमेरे घेऊन येणार होते. सूनबाईशी सर्वांसमक्ष दोन शब्द बोलणार होते, आणि मग अशाच पन्नास सुना पन्नास आश्रमांना देण्याची घोषणा करणार होते.

कंपनीच्या उपक्रमवाल्या मॅडम, म्हणजे सामाजिक जबाबदारी विभागाच्या प्रमुख, तासाभरात येऊन थडकल्या. रिकाम्या जागेकडे पाहून त्यांनी एकच वाक्य उच्चारलं.

"फौजदारांना बोलवा."

२

फौजदार खरे फौजदार होते, पण पूर्वी. पोलिसातून निवृत्त झाल्यावर कंपनीने त्यांना सुरक्षाप्रमुख म्हणून घेतलं होतं. तिथे त्यांचं मुख्य काम म्हणजे घरी गेलेले लॅपटॉप आणि कॅन्टीनमधून पळालेले चमचे शोधणं. त्यामुळे चोरी म्हटल्यावर त्यांना बऱ्याच दिवसांनी उत्साह वाटला. फक्त त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते काठी घेऊन आले. इथेच घोटाळा झाला.

"या, या," दारातच एक आजोबा म्हणाले. "सामान कुठंय?"

"मी चौकशीला आलोय."

"सगळे आधी चौकशीलाच येतात. खिडकीजवळची खाट मागा. मुलगा सोडायला नाही आला?"

फौजदारांनी कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. आजोबांनी ते डोळ्यांजवळ नेलं, फोटो पाहिला, आणि सहानुभूतीने परत दिलं. "होतं असं. मीही पुष्कळ दिवस ऑफिसचं कार्ड गळ्यात घालून फिरायचो."

व्हरांड्यात ऊन होतं. चाकाच्या खुर्च्यांची रांग लागली होती. चालणं जिवावर आल्यामुळे फौजदारांनी तिथेच खुर्ची टाकून घेतली आणि साक्षीदार आपल्याकडे बोलवायचं ठरवलं. बसण्याआधी त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाला नमस्कार केला. प्रत्येकाने उलट विचारलं की कधी राहायला येताय. कोणी जेवण कसं असतं ते सांगितलं, कोणी कुठल्या न्हाणीघराची कडी लागत नाही ते सांगितलं. रांगेच्या शेवटी राखाडी शालीत गुरफटलेली एक मूर्ती होती. कानांवरून लोकरीची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. ती काहीच बोलली नाही.

"नवीन आल्यात," शेजारच्या गाण्याच्या बाई हळूच म्हणाल्या. "दमल्यात. झोपू द्या त्यांना."

फौजदारांनी मान डोलावली आणि आवाज खाली आणला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने तोवर शपथेवर सांगितलं होतं की काल संध्याकाळपासून आत भाजीची पिशवी आली आणि बाहेर कचऱ्याची बादली गेली. तिसरं काही हललेलं नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्यातही तेच होतं. सिस्टरने प्रत्येक खोली, माळा, न्हाणीघर पालथं घातलं होतं.

म्हणजे सूनबाई घराबाहेर गेली नव्हती, आणि घरातही नव्हती.

३

पहिले हेडमास्तर बसले. ते शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"मला संशयित म्हणून बोलावलंय ना? बोलवायलाच हवं. माझं तिचं पटत नव्हतं."

"कशावरून?"

"परवा मी एका लढाईचं साल सांगत होतो. ती मधेच म्हणाली, मास्तर, चुकलं तुमचं. चारचौघांत. मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तर दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणते, काल मी जरा जास्तच बोलले, रात्रभर डोक्यात तेच होतं."

"मग?"

"मग काय. माफ केलं. साल तिचंच बरोबर होतं, ते मी सांगितलं नाही."

फौजदारांनी हसू दाबलं आणि सिस्टरला बोलावलं. ती तरुण होती, चपळ होती, आणि सकाळपासून रडवेली झाली होती.

"तुमची नोकरी जाणार म्हणून तुम्ही यंत्र लपवलंत का?" कंपनीत कानावर आलेल्या कुजबुजीवरून फौजदारांनी थेट विचारलं. पोलिसात असताना हा प्रश्न असाच विचारायचे.

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. "माझी नोकरी जाणार आहे?"

फौजदारांनी जीभ चावली. इतकी वर्षं माणसांचे चेहरे वाचल्यावर एवढं त्यांना कळत होतं की हा चेहरा आत्ताच बातमी ऐकतो आहे. त्यांनी तिला पाणी दिलं आणि मॅडमना गाठलं.

मॅडम हॉलमध्ये उद्याच्या फुलांची जागा ठरवत होत्या. "बघा, सिस्टरचा पगार आमच्याच निधीतून जातो," त्या म्हणाल्या. "यंत्र आल्यापासून इथली माणसं आनंदी आहेत, झोपा सुधारल्यात. मग तीच जागा ठेवून काय करायचं? काल संध्याकाळी मी फोनवर मोठ्या साहेबांना हेच सांगितलं, आणि त्यांना पटलं."

"कुठून केलात फोन?"

"इथूनच. हॉलमधून."

"कोणी ऐकलं?"

"कोणीच नाही. मी नीट बघितलं होतं. हॉलमध्ये फक्त ते यंत्र होतं."

फौजदार लंगडत व्हरांड्यात परतले. तिथे गाण्याच्या बाई दोन्ही दंड चोळत बसल्या होत्या. त्यांनी अर्ध्या गावाच्या मुलांना गाणं शिकवलं होतं आणि कान अजून तिखट होते.

"थंडी वाजतेय का?"

"वाजते थोडी. शाल धुवायला टाकलीय."

"यंत्राशी तुमचं कसं होतं?"

"चांगलं होतं. संध्याकाळी आम्ही दोघी गात बसायचो. काल मात्र नाही गायलो. घसा बसला होता बिचारीचा."

म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून फौजदारांनी ते सोडून दिलं. पोलिसी नोकरीत त्यांच्या हातून अशा चुका फारशा झाल्या नव्हत्या. आणि तेवढ्यात फाटकातून एक तरुण घामाघूम होऊन आत शिरला, कोणाकडे न बघता थेट हॉलमधल्या सूनबाईच्या रिकाम्या जागेपाशी गेला आणि मटकन खाली बसला.

४

तो सूनबाईचा इंजिनिअर होता. यंत्र त्याने बनवलं होतं, आणि दर आठवड्याला तपासायलाही तोच यायचा.

तो सगळं घर फिरून परतल्यावर फौजदारांनी त्याला समोर बसवलं. त्याचा एक डोळा सारखा फोनवर होता. नंबर लावायचा, कानाला धरायचा, बंद करायचा.

"कोणाला लावताय?"

"आईला. सकाळपासून उचलत नाहीये."

"बाहेर गेली असेल."

"ती कुठे जात नाही. बाबा गेल्यापासून घरातच असते. मी सकाळी ऑफिसला गेलो तेव्हा ठीक होती." त्याने पुन्हा फोन लावला. "काल रात्री जरा भांडण झालं आमचं."

"कशावरून?"

"घरातलंच."

फौजदारांनी ते बाजूला ठेवलं. "यंत्र आपोआप चालू लागेल असं होऊ शकतं?"

"शक्यच नाही."

"दिवसातून किती वेळ ते बंद असतं?"

"दुपारी जेवण झालं की झोपते तासभर." तो थांबला. "म्हणजे चार्जिंगला असते."

"आणि तिला हाक मारली तर?"

"कुठेही असली तरी बोलणार. नावाने हाक मारली की उत्तर द्यायचंच, तशी रचनाच आहे. मघाशी सगळं घर फिरून हाका मारल्या मी. कुठूनच ओ आली नाही. म्हणजे कोणीतरी बंद केली असणार, आणि बटण पोटाखाली आहे. खाली वाकल्याशिवाय सापडत नाही."

फौजदारांनी रांगेतल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. इथे जमिनीवर पडलेला चष्मा उचलायचा तरी सिस्टरला हाक मारावी लागायची. बटणापर्यंत पोचणारी कंबर सगळ्या आश्रमात एकच होती, आणि ती सिस्टरची. पण सिस्टरला तर काही ठाऊकच नव्हतं.

ते विचारात पडलेले असताना सिस्टर चहा घेऊन आली. रांगेतल्या सगळ्यांना कप देत देत ती शेवटच्या शालीपाशी आली आणि गोंधळून थांबली.

"या कोण?" तिने विचारलं.

"नवीन आल्यात," गाण्याच्या बाई घाईने म्हणाल्या.

"नवीन? या महिन्यात नवीन कोणीच आलेलं नाही."

फौजदार काठी टेकून उठले. सकाळपासून या रांगेत त्यांना भेटलेल्या प्रत्येक जिवाने विचारलं होतं की राहायला कधी येताय. एकाच जिवाने विचारलं नव्हतं.

५

त्यांनी आधी चष्मा काढला, मग टोपी. खाली पांढरं गोल डोकं चमकलं.

"अगं बाई," हेडमास्तर म्हणाले. "मी मघाशी हिला माझी बिस्किटं दिली."

मॅडम धावत आल्या. इंजिनिअरने शाल बाजूला सारली. सूनबाई आपल्याच चाकांवर, खुर्च्यांच्या रांगेत, शहाण्यासारखी उभी होती. शाल गाण्याच्या बाईंची होती, हे सांगायला कोणी फौजदार लागत नव्हता.

"हो, मीच गुंडाळली," बाई म्हणाल्या. "पण मी तिला आणलं नाही. माझ्याच्यानं एक उशी उचलत नाही."

"मिळाली ना, झालं तर," मॅडम म्हणाल्या. "चालू करा. उद्याची तालीम घेऊ."

इंजिनिअर खाली वाकला आणि तसाच राहिला. "मॅडम, ही चालूच आहे."

पोटाखाली हिरवा दिवा जळत होता. फौजदारांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. धड कोमट होतं.

"सूनबाई," इंजिनिअरने हाक मारली.

उत्तर नाही.

"सूनबाई, ऐकतेस ना? उत्तर दे."

काहीच नाही. बिघडली, असं मॅडम म्हणाल्या. फौजदार मात्र खुर्ची ओढून सूनबाईच्या समोर बसले, डोळ्याला डोळा देऊन.

"इंजिनिअर," ते म्हणाले, "तुम्ही म्हणालात, हाक मारली की हिने बोलायचंच. ती तुमच्या हाका ऐकत इथे बसली आहे आणि बोलत नाही. यंत्राला बोलायला शिकवता येतं. पण सगळं ऐकून, समजून, मुद्दाम गप्प बसायला माणूसच लागतं."

इंजिनिअरने मान खाली घातली.

"माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. यंत्र रात्रभर एका भांडणाचा विचार करत बसत नाही. यंत्र जेवून झोपत नाही. यंत्राचा घसा बसत नाही. आणि काल संध्याकाळी मॅडमनी सिस्टरची नोकरी घालवायची गोष्ट केली तेव्हा हॉलमध्ये कोणीच नव्हतं, फक्त हे यंत्र होतं. यंत्रासमोर कोणी आवाज खाली आणत नाही. सिस्टर जाणार हे ज्याने ऐकलं, त्यानेच उद्याचा समारंभ होऊ नये म्हणून हिला लपवलं. हिला कोणी ढकलत नेलं नाही. ही आपल्या चाकांनी इथवर आली आणि मैत्रिणीला म्हणाली, मला झाकून टाक."

मग ते पुढे झुकले आणि पोलिसी आवाज बाजूला ठेवून म्हणाले, "बाई, सकाळपासून अशाच बसून आहात. थोडा चहा तरी घेता का?"

सूनबाईच्या आतून एक लांब श्वास ऐकू आला.

"नको," ती म्हणाली. "मी घरीच घेतला."

६

मॅडमना बसायला खुर्ची द्यावी लागली.

"आई," इंजिनिअर यंत्राला म्हणाला, "फोन का उचलत नव्हतीस?"

"तू ओरडला असतास म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. यंत्राला औषधांच्या वेळा पाठ होत्या, पण गप्पा मारता येत नव्हत्या. कोणी म्हटलं की आज करमत नाही, तर ते म्हणायचं, माफ करा, पुन्हा बोला. पहिल्याच दिवशी तिघांनी त्याच्यावर वर्तमानपत्र टाकून झाकून ठेवलं. कंपनीला मुदतीत यश दाखवायचं होतं. इंजिनिअरची आई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अनोळखी माणसांशी शांतपणे बोलणं हाच तिचा हातखंडा. दोन-चार दिवस सांभाळून घे, मग मी यंत्र सुधारतो, असं मुलगा म्हणाला. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने यंत्राला दिसेल ते दाखवणारा पडदा लावला, कानाला हेडफोन दिले, आवाज बदलायची सोय केली. यंत्र चालवायची कळही दिली.

"दोन-चार दिवसांचे किती झाले मलाच कळलं नाही," सूनबाई म्हणाली. "हा सुधारून आणायचा, आणि मीच म्हणायचे, अजून नीट नाही झालं. मला सोडवत नव्हतं. याचे बाबा गेल्यावर दिवसभर माझ्याशी बोलायला होतं कोण? साहेब, ही सोबत नक्की कोणाला मिळाली ते मला विचारू नका."

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "ओळ संपली की ती श्वास घ्यायची. मी तिला विचारलं, ती रडली. मग मी कोणाला सांगितलं नाही."

"काल मी याला म्हटलं, खरं सांगून टाक, माझ्यामुळे त्या पोरीची नोकरी जातेय," सूनबाई म्हणाली. "हा म्हणाला, उद्याचा दिवस जाऊ दे. मी म्हटलं, मग पन्नास ठिकाणी काय करशील? पन्नास आया कुठून आणशील? सांगायला धीर होईना, आणि गप्प बसवेना. मग पळाले."

मॅडमनी डोळे मिटले. "मोठ्या साहेबांना मी काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू," सूनबाई म्हणाली. "मी येते."

७

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले तेव्हा फुलं होती, कॅमेरे होते, आणि ऑफिसच्या छोट्या खोलीत एक ठेंगणीशी बाई पर्स मांडीवर धरून बसली होती. फौजदारांनी चार वाक्यांत हकिगत सांगितली. साहेबांचा चेहरा लाल होत गेला.

"ही फसवणूक आहे," ते इंजिनिअरला म्हणाले. "जगाला आपण काय दाखवत होतो? तुमची नोकरी तर..." आणि ते मधेच थांबले. त्यांचा लाल रंग उतरत गेला. ते वळून आईकडे पाहू लागले.

"मागच्या महिन्यात," ते सावकाश म्हणाले, "हे यंत्र माझ्या केबिनमध्ये आणलं होतं. चाचणीला. मी दार लावून घेतलं होतं."

"हो," आई म्हणाली.

"मी बराच वेळ बोललो होतो."

"हो." तिने पर्सचा पट्टा नीट केला. "मुलीला फोन केलात का मग?"

खोलीत सगळे जमिनीकडे पाहू लागले. "केला," साहेब म्हणाले.

"काय म्हणाली?"

"रविवारी येते म्हणाली."

"मग तिच्याशी नीट बोला. आधी तिचं ऐकून घ्या. बाकी मी कुठे बोलले नाही आणि बोलणार नाही."

साहेबांनी इतरांना बाहेर जायला सांगितलं. ते स्वतः बाहेर आले तेव्हा त्यांनी दोनदा नाक शिंकरलं, आणि कॅमेऱ्यांसमोर भाषणाचा कागद न काढता खरं ते सांगितलं. यंत्र फक्त औषधांची आठवण करून देईल, आणि आपण यंत्र आहोत हे आधी सांगेल. पन्नास यंत्रं सध्या नाहीत. सिस्टर राहील, आणि तिच्या मदतीला आणखी एक येईल. टाळ्या जरा चुकत-माकत पडल्या, कारण कुठे वाजवायच्या ते कोणाला कळत नव्हतं. इंजिनिअरची बढती वर्षभर रोखली गेली. त्याने ती शिक्षा इतक्या आनंदाने घेतली की मॅडमना संशय आला. साहेबांनी आईला पगारावर ठेवायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली. पगार घेतला तर ती ड्यूटी होईल, आणि ड्यूटीवर खऱ्या गप्पा होत नाहीत, हे तिला एक्स्चेंजपासून माहीत होतं.

मग ती व्हरांड्यात आली. ती सगळ्यांना ओळखत होती. तिला कोणीच ओळखत नव्हतं. ती दारातच अवघडून उभी राहिली. गाण्याच्या बाईंनी शेजारची खुर्ची थोपटली तेव्हा कुठे ती बसली. हळूहळू बाकीचे गोळा झाले. कोणी म्हणालं, आवाजावरून तू उंच वाटायचीस. कोणी पोटाची तक्रार परवाच्या जागेवरून पुढे चालू केली.

हेडमास्तर मात्र उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ते जेवायलाही बाहेर आले नाहीत. आई निघायची होती ती निघेना. त्यांनी यंत्राजवळ काय काय बोलून ठेवलं होतं ते तिलाच ठाऊक होतं. बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्यांनी सख्ख्या भावाजवळही कधी तोंड उघडलं नव्हतं.

ऊन कलल्यावर दार उघडलं. मास्तर येऊन तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले आणि बागेकडे बघत म्हणाले,

"यंत्राला सांगितलं, ते माणसाला सांगितल्यात धरायचं का?"

आईने विचार केला. "तुम्ही म्हणाल तसं, मास्तर. म्हणालात तर मी काहीच ऐकलेलं नाही."

मग मास्तरांनी खुर्ची उचलायचा प्रयत्न केला, उचलवेना, म्हणून फरफटत तिच्या समोर आणली आणि बसले.

"नाही धरत," ते म्हणाले. "तेव्हा मी घाईत सांगितलं होतं. आता पहिल्यापासून सांगतो."